कोंड्याचं विरजण

गटारीला आमच्या घरात कोंबडी शिजली नाही, असं एकच वर्ष मला आठवतं. श्रावण लागण्याआधीच्या त्या अमावास्येला बदलापूरच्या आसपासच्या गावांत जेवणात कोंबडी नसेल तर शेजारी काळजीनं विचारायला येतात, घरात कुणी आजारी आहे का म्हणून. त्या वर्षी आम्ही अंड्यांचं कालवण केलं. आई, दादा, वहिनी आणि मी, चौघंही पोटभर जेवलो आणि कुणालाही काही कमी पडल्यासारखं वाटलं नाही. मला तर इतकं हलकं वाटत होतं की माझं संपवून मी दादाच्या ताटातलं अंडंही उचललं. त्यानं नुसतं बघितलं.

माझं माहेर बदलापूरच्या पुढचं, गावातलं. लग्न होऊन मी उल्हासनगरला आले, कॅम्प पाचमध्ये, आणि नोकरी अंबरनाथला, जीन्स धुणाऱ्या एका युनिटमध्ये. धुणाऱ्या म्हणजे धोबीघाट नव्हे. नवी कोरी, पुठ्ठ्यासारखी कडक जीन्स आमच्याकडे येते आणि चार वर्षं वापरल्यासारखी मऊ, फिकट होऊन बाहेर पडते. लोक त्यासाठी जास्त पैसे देतात, हे आईला मी आजवर पटवू शकलेले नाही. माझं काम शेड बघण्याचं. आलेला रंग नमुन्याशी जुळतो की नाही, कापड हाताला कसं लागतं, हे मी सांगायचं. त्यामुळे मला प्रत्येक गोष्ट चिमटीत धरून बघायची खोड लागली आहे. भाजीवाले वैतागतात.

वहिनी जुन्नरकडची. दादाशी लग्न होऊन आली तेव्हा ती अंबरनाथच्याच एका कंपनीत पॅकिंगला लागली होती. पुढे ते पॅकिंगचं काम कंपनीनं दुसरीकडे हलवलं आणि ही घरी बसली. बसणं हा तिचा स्वभाव नाही. दोन-चार महिने तिनं घरातला प्रत्येक डबा घासला, प्रत्येक गोधडी उसवून पुन्हा शिवली, आणि मग एक दिवस मागच्या दारचा रिकामा गोठा झाडून काढला. म्हैस विकल्यापासून तो तसाच पडला होता. तिथं तिनं जाळी मारून घेतली, खाली भाताचं तूस पसरलं आणि गावरान वळणाच्या तलंगा आणल्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. तिच्या माहेरी कोंबड्या होत्या. ही गोष्ट तिची स्वतःची होती. आमच्या घरात येऊन तिला तिचं म्हणता येईल असं ते पहिलंच काही, आणि ती कोंबड्यांशी बोलायची तेव्हा आवाजात ते कळायचं.

तलंगा वाढल्या, अंड्यावर आल्या, सगळं झकास चाललं. मग मका महाग झाला. मक्याशिवाय खाद्य नाही आणि मका परवडत नाही, म्हटल्यावर वहिनीनं जे हाताशी होतं त्याचा विचार केला. भाताचा कोंडा गावच्या गिरणीत मिळतो. गव्हाचा कोंडा उल्हासनगरच्या पिठाच्या गिरण्यांतून, तिथले व्यापारी त्याला चोकर म्हणतात. तिनं मका कमी केला आणि कोंडा वाढवला. कोंबड्यांनी काही कुरकुर केली नाही, उलट भांडी पुसून खाल्ली. पण खाल्लेलं अंगी लागेना. विष्ठा पातळ आणि चिकट व्हायला लागली, खालचं तूस ओलं राहायला लागलं, गोठ्यात शिरलं की वासानं डोळे चुरचुरायचे. अंडी शेणात लोळवल्यासारखी निघायची, आणि मग ती अंडीही कमी कमी होत गेली.

जनावरांचे डॉक्टर येऊन बघून गेले. रोग काही नाही म्हणाले. कोंडा जास्त झालाय आणि तो यांना पचत नाही, एवढंच. एक तर कोंडा काढा, नाहीतर खाद्यात एन्झाइमची पूड मिसळा. कोंड्यातलं सत्त्व चिवट धाग्यांच्या कुंपणात अडकलेलं असतं, गाईम्हशींच्या पोटात ते कुंपण तोडायची सोय असते, कोंबडीच्या पोटात नसते. ती पूड बाहेरून ते काम करते, असं त्यांनी समजावलं. कोंडा काढणं म्हणजे धंदाच बंद करणं होतं. म्हणून पूड.

वहिनीनं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मी हसायलाच लागले. एन्झाइम हा शब्द मी रोज कामावर ऐकत होते. जीन्सवरची लव खाऊन कापड मऊ करतं ते एन्झाइमच. कापसाचा धागा काय आणि कोंड्याचा धागा काय, खाणारं एकाच घराण्यातलं. आमच्या कामावरचं औषध कोंबड्यांना द्यायचं, याची मला भारी गंमत वाटली. मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी आणते.

कॅम्प पाचमध्ये खाद्याच्या दुकानांची एक गल्ली आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या सिंधी शेठकडून मी पूड घेतली. त्यानं मोठ्या गोणीतून काढून एका साध्या पिशवीत भरून दिली, वर ना नाव ना माहिती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उल्हासनगरात हळदीपासून झिपपर्यंत सगळं असंच मिळतं. खाद्यात मिला देना, एवढं तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पूड सुरू झाली. आठवडा गेला, आणखी एक गेला. काही फरक नाही. तूस तसंच ओलं, अंडी तशीच लडबडलेली आणि मोजकी. दादा तसा शांत माणूस, पण हिशेबी. आपण गटारीपर्यंत वाट बघू, नाहीतर कोंबड्या विकून टाकू, म्हणाला. गटारीला गावरान कोंबडीला मागणी असते आणि एकदा श्रावण लागला की कुणी ढुंकून बघत नाही, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. बदलापूरच्या एका चिकनवाल्याशी तो बोलूनही आला. गटारीच्या सकाळी टेम्पो पाठवतो, असं त्यानं सांगितलं. वहिनी बरं म्हणाली. ती वाद घालणाऱ्यांतली नाही, ते खातं मी सांभाळते.

त्या रविवारी मी माहेरी गेले तर ती गोठ्यात उकिडवी बसून खुरप्यानं ओलं तूस खरवडत होती. कोंबड्या तिच्या अवतीभवती, एक तर पाठीवर चढायला बघत होती. मी तिला नेहमीप्रमाणे काहीतरी चिडवलं. ती हसली नाही.

"वन्सं, आई म्हणतात तेच खरं असंल," ती खाली बघूनच म्हणाली. "माझ्या हाताला गुण नाही."

आई असं म्हणाली होती, हे मला ठाऊक होतं. शेजारणीशी बोलता बोलता, वहिनी पाठीमागे दोरीवर कपडे वाळत घालत असताना. नोकरी लागली ती गेली, कोंबड्या आणल्या त्या बसल्या, पोरीच्या हाताला गुण नाही. आईच्या मनात विष नव्हतं, आई जे डोक्यात येतं ते बोलते आणि विसरून जाते. ऐकणारा विसरत नाही. वहिनीचे ते शब्द ऐकून मला इतका राग आला की कुणावर काढू ते कळेना. आईवर काढला असता तर दोघींचं आणखी बिनसलं असतं. म्हणून मी तो शेठवर काढायचं ठरवलं. दादाही म्हणतच होता, उल्हासनगरचा माल, डुप्लिकेटच असणार.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी मी त्याच्या दुकानात जाऊन उभी राहिले आणि हिंदी, मराठी, जे तोंडात येईल त्यात त्याची खरडपट्टी काढली. नाव नाही, कंपनी नाही, पिशवीत पीठ भरून दिलंस का, म्हणाले. गिऱ्हाइकं बघत होती. शेठनं माझं सगळं ऐकून घेतलं, मळलेल्या चष्म्यातून माझ्याकडे बघितलं, आणि उठून मला आत नेलं. ती मोठी गोणी दाखवली. कंपनीचं नाव, सगळा मजकूर, सगळं जागेवर. मग त्याच गोणीतून मूठभर पूड कागदात बांधून माझ्या हातावर ठेवली.

"बेटी, जिधर टेस्ट करना है, कर ले," तो म्हणाला. "झूठा निकला तो इधर आ के मेरे को जूता मार."

माणूस इतकं बोलल्यावर भांडायला जागा राहत नाही. मी पुडी पर्समध्ये टाकली आणि तणतणत स्टेशनकडे गेले. राग उतरला नव्हता, फक्त त्याला बसायला जागा नव्हती.

टेस्ट करायला मला कुठं जायचं होतं? आमच्या युनिटमध्ये नमुने धुवायचं छोटं मशीन आहे. जेवणाच्या सुट्टीआधी मी जीन्सचे दोन तुकडे घेतले, सारखे. एक नुसत्या कोमट पाण्यात फिरवला, दुसरा कोमट पाण्यात शेठची पूड घालून. मास्टर, म्हणजे आमच्या धुलाईचा मुख्य माणूस, बाजूला येऊन उभा राहिला. मुर्गी का दाना जीन्स को खिलाती है, असं म्हणून तो पोट धरून हसला. मी म्हटलं, हसा. तुकडे बाहेर काढले, पिळले, चिमटीत धरले. नुसत्या पाण्यातला खरबरीत तो खरबरीतच. पुडीतल्याची लव गेली होती, बोटांना तो गुळगुळीत लागत होता. आमच्या नेहमीच्या मालाइतका नाही, पण लागत होता. पूड खरी होती.

शेठची माफी मागायला हवी, हे पहिलं डोक्यात आलं आणि माझं तोंड कडू झालं. दुसरं आलं ते जास्त वाईट होतं. पूड खरी असेल तर मग दोष कुणाचा? वहिनी म्हणते तेच खरं की काय?

तेवढ्यात मास्टर सवयीनं म्हणाला, "चलो, अब गरम पानी छोडो. मारना है ना उसको."

हे वाक्य मी रोज ऐकते. कापड हवं तेवढं मऊ झालं की एन्झाइमला थांबवावं लागतं, नाहीतर ते खातच सुटतं आणि कापड विरतं. थांबवायचा सोपा उपाय म्हणजे कडकडीत पाणी. उष्णतेनं ते मरतं. आमच्याकडे सगळे त्याला मारणंच म्हणतात. मी नळाकडे हात नेला आणि तसाच ठेवला, कारण मला आमच्या मागच्या दारची चूल दिसली.

आमच्याकडे म्हैस होती तेव्हा आई तिच्यासाठी रोज आंबोण शिजवायची. कोंडा, डाळीची चुणी, मीठ, सगळं मोठ्या पातेल्यात रटरटवायचं आणि मग तिच्यापुढे ठेवायचं. कच्चा कोंडा बाधतो, हे आईचं ठाम मत. म्हैस विकल्यावर ते पातेलं माळ्यावर पालथं पडलं. आई तेव्हा सकाळी उठून नुसती अंगणात येरझाऱ्या घालायची. वहिनीच्या कोंबड्या आल्या आणि आईनं कुणाला न विचारता पातेलं खाली काढलं. कोंबड्यांचा कोंडा ती शिजवायला लागली. वहिनीनं तिला कधी अडवलं नाही, सासू आपल्या कामाला हात लावते याचंच तिला बरं वाटत होतं. पूड आल्यावर आईनं तीही आपल्याकडे घेतली. आईच्या लेखी औषध म्हणजे काढा. खळखळून उकळल्याशिवाय त्यात गुण उतरत नाही. म्हणून कोंड्याला उकळी फुटली की ती वरून पूड टाकायची आणि झाकण ठेवून आणखी शिजवायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. वर चांगला रटरटू दे, असं मीच म्हटल्याचंही मला अंधुक आठवत होतं.

मी मशीनपाशी उभी राहून हसत सुटले. डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेना. मास्टरला वाटलं, बाई कामातून गेली. आठवड्यामागून आठवडे आम्ही ते औषध आणून, जपून, चमच्यानं मोजून रोज सकाळी मारत होतो. आणि वहिनीचा हात त्याला लागलाही नव्हता.

आता खरी पंचाईत आईला सांगण्याची होती. वहिनीनं सांगितलं असतं तर सुनेनं चूक काढली असं झालं असतं. मी माझ्या पद्धतीनं सांगितलं असतं तर आईनं एक शब्द न बोलता पातेलं घासून पुन्हा माळ्यावर ठेवलं असतं, आणि पुन्हा त्या अंगणातल्या येरझाऱ्या. ते मला नको होतं. दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस रजा टाकून मी सकाळीच बदलापूरला उतरले आणि रिक्षा केली. वाटेत मनात भाषणं जुळवत होते, एकही धड जमेना.

मी पोहोचले तेव्हा कोंडा रटरटत होता. वहिनी गोठ्यात होती. आई पुडीची पिशवी सोडत होती. मी चपला न काढताच तिचा हात धरला.

"आई, थांब. ही पूड म्हणजे विरजण आहे असं समज."

आईनं माझ्याकडे बघितलं. मग पातेल्याकडे बघितलं. मला वाटलं, आता समजावून सांगावं लागेल, ते धागे, ते कुंपण, ती उष्णता. त्यातलं काही लागलं नाही.

"उकलत्या दुधान कोन विरजण घालतं का गो?" ती म्हणाली. "मंग आदीच नाय सांगाचं?"

एवढंच. तिनं फडक्यानं पातेलं धरून खाली उतरवलं आणि सुपानं वारा घालायला बसली. दूध विरजताना करते तशीच मधून मधून करंगळी बुडवून बघत होती. भाजतंय, थांब. अजून थांब. आमच्या युनिटमध्ये ह्याला थर्मामीटर लागतो. हवं तेवढं कोमट झाल्यावर तिनं पूड घातली, हातानं कालवली आणि मला म्हणाली की तिकडं ठेव, आणि चपला काढ.

त्यानंतर रोज दुपारी वहिनीचे फोटो यायला लागले. कोंबडीच्या विष्ठेचे. मी डबा उघडला की फोन वाजायचा आणि समोर तो फोटो. शेड बघायचं काम करते म्हणून तिनं मला तेही काम दिलं. आज कालच्यापेक्षा घट्ट आहे ना? कडेला पांढरं आहे ते बरोबर ना? मी भाकरीचा तुकडा हातात धरून नीट बघायचे आणि मत द्यायचे. माझ्यासोबत जेवणाऱ्या बाया जागा बदलून बसायला लागल्या. पण विष्ठा खरंच घट्ट होत होती. तूस कोरडं राहायला लागलं. एक दिवस तिनं फोटोऐवजी अंडं पाठवलं, म्हणजे अंड्याचा फोटो, स्वच्छ, न धुतलेलं. मी तो मास्टरला दाखवला. शेठलाही दाखवला, मुद्दाम दुकानात जाऊन. माफी मागायला गेले होते, पण तो शब्द काही नीट तोंडातून निघाला नाही, म्हणून फोटो पुढे केला. शेठनं चष्मा पुसून बघितला आणि मला चहा पाजला.

अंडी वाढली, पण एकदम नाही. रोज थोडी थोडी. काही कोंबड्यांनी मनावर घेतलं, काहींनी नाही. दादा रोज अंडी मोजत होता. चिकनवाल्याला नको म्हणून सांगितलं का, हे त्याला विचारायची वहिनीची हिंमत नव्हती आणि मी विचारलं तर तो म्हणायचा, बघू. त्या बघूनं तिची झोप उडाली होती. गटारीला मी रजा घेऊन माहेरी गेले ते त्यासाठीच.

सकाळी टेम्पो आला. मागे रिकामे पिंजरे, एकावर एक. दादानं सांगितलंच नव्हतं. मला वाटतं, त्याचंच ठरत नव्हतं. तो दारात उभा राहिला आणि वळून घराकडे बघितलं. आई मागच्या दारी पातेल्यापाशी बसली होती, करंगळी कोंड्यात. वहिनी गोठ्याच्या जाळीला हात लावून उभी होती, तिचा चेहरा मला बघवेना.

आईनं करंगळी काढली नाही, वरही बघितलं नाही. "कोंबऱ्या नाय द्याच्या, सांग त्याला," म्हणाली. दादानं इतका मोठा श्वास सोडला की मला ओट्यावर ऐकू आला. कुणीतरी हे म्हणावं म्हणून तोही थांबला होता. तो पुढे गेला, टेम्पोवाल्याला बाजूला घेऊन बोलला, त्याच्या हातावर सकाळची अंडी ठेवली. पिंजरे आले तसे खडखडत परत गेले.

मग आईनं हात फडक्याला पुसला आणि पुडीची पिशवी उचलून धरली.

"ये गो सूनबाय. आजपासना पूड तू टाक," ती वहिनीला म्हणाली. "माझा हात उतावला. तुझ्या हाताला गुण हाय."

तोंडातून गेलेला शब्द आईनं परत घेतलेला मी जन्मात कधी पाहिला नव्हता. वहिनी हौदाकडे गेली आणि हात धुतले, स्वच्छ होते तरी पुन्हा धुतले, पदराला कोरडे केले. येऊन पातेल्यापाशी बसली. आईनं तिची करंगळी धरून कोंड्यात बुडवली, एवढं कोमट, म्हणाली, आणि वहिनीनं पूड घातली.